पाय बापाचे, धाव लेकाची

जत्रेत पालखी निघाली की गर्दीत लहान पोरांना काही दिसत नाही. मग बाप पोराला उचलतो आणि खांद्यावर बसवतो. पोर पालखी बघते, गुलाल-खोबऱ्याची उधळण बघते आणि बापाचे केस मुठीत धरून खिदळते. पाच-सहा वर्षांचे झाले की तेच पोर खाली उतरते आणि आपल्या पायांनी जत्रा फिरू लागते. घरोघरी असेच चालत आले आहे.

पण जे पोर कधी खाली उतरूच शकत नाही, त्याचे काय?

अशाच एका पोराची आणि त्याच्या बापाची ही हकीकत आहे. ती आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली आहे. एका गावच्या मदत-शर्यतीपासून ती सुरू झाली आणि पोहणे, सायकल व धावणे अशा तिहेरी शर्यतीपर्यंत पोचली. या तिहेरी शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. अलीकडे अशा शर्यती आपल्याकडेही होऊ लागल्या आहेत. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, एखाद्या आजारी माणसासाठी पैसे उभे करायला गावाने अशी शर्यत भरवावी, असे तरुण मंडळी म्हणू लागली आहेत. म्हणून आधी ही हकीकत सांगतो आणि मग आपल्या गावाने तिच्यातून काय घ्यावे ते बोलतो.

बाळ उशिरा रडले

१० जानेवारी १९६२ रोजी डिक आणि ज्यूडी हॉईट या जोडप्याला पहिला मुलगा झाला. त्याचे नाव रिक. जन्माच्या वेळी नाळ बाळाच्या गळ्याभोवती आवळली गेली होती. मेंदूला प्राणवायू पोचला नाही. बाळ वाचले, पण हातपाय त्याच्या ताब्यात राहिले नाहीत आणि वाचाही आली नाही. या व्याधीला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मराठीत मेंदूचा पक्षाघात. आपल्याकडे ‘बाळ जन्मताच रडले नाही’ असे म्हणतात, त्यातल्या काही बाळांच्या वाट्याला हेच येते.

डॉक्टरांनी आईबापांना सांगितले की या मुलाला एखाद्या संस्थेत ठेवा, याला काही कळणार नाही. आईबापांनी ऐकले नाही. त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. आपण खोलीत इकडून तिकडे गेलो की बाळाचे डोळे आपल्या मागे फिरतात. ज्याचे डोळे आपला माग घेतात, त्याला कळत नाही असे कसे म्हणावे? दोघांनी त्याला घरी आणले आणि इतर मुलांसारखे वाढवायचे ठरवले. ज्यूडीने काचकागदाची अक्षरे कापून त्याला मुळाक्षरे शिकवली. घरातल्या वस्तूंवर त्यांची नावे लिहून चिकटवली. पोर बोलत नव्हते, पण शिकत होते.

शाळेने मात्र दार लावून घेतले. जो बोलू शकत नाही त्याला काही समजते हे आम्ही कसे मानावे, असे शाळेचे म्हणणे. तेव्हा टफ्ट्स विद्यापीठातल्या अभियंत्यांनी त्याच्यासाठी एक यंत्र बनवले. साल १९७२. त्यासाठी ५,००० डॉलर लागले. ते घरच्यांनी खटपट करून जमवले. पडद्यावर एकामागून एक अक्षर उजळे. हवे ते अक्षर आले की रिकने डोक्याने बाजूची कळ दाबायची. अशी अक्षरे जोडून शब्द आणि शब्द जोडून वाक्य. पोर पहिला शब्द कोणता लिहिते, ‘आई’ की ‘बाबा’, याची घरात उत्सुकता. रिकने काय लिहावे? त्या दिवसांत बॉस्टनचा बर्फावरच्या हॉकीचा संघ मोठे सामने खेळत होता. रिकने त्या संघाचा जयजयकार लिहिला! दहा वर्षे हे पोर मुकाट्याने खेळ ऐकत होते, पाहत होते आणि मनात आरोळ्या ठोकत होते, हे त्या दिवशी सर्वांना कळले. पुढे १९७५ मध्ये, तेराव्या वर्षी, तो गावच्या साध्या शाळेत गेला.

पाच मैलांची शर्यत

आता मुख्य गोष्ट. १९७७ सालच्या वसंतात रिकच्या कानावर आले की लॅक्रोस नावाचा खेळ खेळणारा एक तरुण अपघातात लुळा झाला आहे आणि त्याच्या मदतीसाठी पाच मैलांची शर्यत भरणार आहे. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, आपल्या भाषेत अडीच कोस.

तिकडे मदतीसाठी अशी शर्यत भरवायची पद्धत जुनी आहे. धावणारा प्रवेश-फी भरतो. शिवाय तो नातेवाईक, शेजारी, दुकानदार यांच्याकडे जाऊन सांगतो की मी अमुक अंतर धावणार आहे, तुम्ही मैलामागे काय द्याल? ज्याला जमेल तसा तो आकडा घालतो. शर्यत झाली की पैसे गोळा होतात आणि ठरलेल्या कामाला जातात. पहिला कोण आला याला तिथे फार मोल नसते. किती जण आले आणि किती जमले याला असते.

रिक तेव्हा १५ वर्षांचा होता. घरी येऊन त्याने यंत्रावर अक्षरे जुळवली आणि बापाला सांगितले की मला त्या मुलासाठी काही करायचे आहे, मला शर्यतीत जायचे आहे.

इथे जरा थांबून विचार करा. ज्या पोराला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, ज्याच्याकडे सारे जग ‘मदत घेणारा’ म्हणूनच पाहते, ते पोर म्हणते की मला दुसऱ्याला मदत करायची आहे.

डिक हॉईट हवाई दलाच्या राखीव तुकडीत अधिकारी होता. वय ३६. पण तो काही धावपटू नव्हता. चाकांची खुर्चीही धावण्यासाठी बनवलेली नव्हती. ती दवाखान्यातल्यासारखी जड, आडमुठी. तरी बाप ‘हो’ म्हणाला. खुर्ची ढकलत ढकलत बापलेकांनी पाच मैल पुरे केले. शेवटून दुसरा नंबर आला. त्यानंतर कित्येक दिवस बापाचे अंग असे ठणकत होते की खरा पांगळा आता मीच झालो, असे तो गमतीने म्हणे.

पण त्या रात्री रिकने यंत्रावर जे लिहिले त्याने बापाचा जन्म बदलला. धावताना मी पांगळा आहे असे मला वाटत नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते. बापाने ते वाचले आणि दुसऱ्या शर्यतीची तयारी सुरू केली.

रिक शाळेत असे तेव्हा डिक एकटाच सराव करी. मोकळी खुर्ची ढकलून काय उपयोग? म्हणून तो खुर्चीत सिमेंटची गोणी ठेवी आणि ती ढकलत धावे.

सुरुवातीला त्यांचे स्वागत झाले असे समजू नका. शर्यत भरवणाऱ्यांना ही जोडी कुठल्या गटात बसवायची ते कळेना. धावणारे बाजूला सरत, बोलत नसत. काही जणांनी तर बापावरच बोट ठेवले की स्वतःच्या नावासाठी बिचाऱ्या पोराला ओढत फिरवतो. १९८१ मध्ये बॉस्टनच्या नामांकित मॅरेथॉनमध्ये त्यांना अधिकृत प्रवेश मिळाला नाही. तरी ते ४२ किलोमीटर धावले. पुढे त्यांनी ठरलेली वेळ गाठून दाखवली आणि हक्काने प्रवेश मिळवला. दोघांची मॅरेथॉनची सर्वांत चांगली वेळ २ तास ४० मिनिटांची आहे. मोकळ्या हातांनी धावणाऱ्यालाही ही वेळ सहज साधत नाही.

तिहेरी शर्यत म्हणजे काय?

ट्रायथलॉनमध्ये आधी पोहायचे, पाण्यातून बाहेर येताच सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवून धावत सुटायचे. मध्ये विसावा नाही. कपडे बदलायला, बूट घालायला लागणारा वेळही मोजला जातो. या खेळाची आजची मांडणी २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरी झाली. त्या दिवशी ४६ जण उतरले होते. १९७८ मध्ये हवाई बेटांवर तिचे सर्वांत कठीण रूप सुरू झाले: ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धावणे. पहिल्या वर्षी १५ जण निघाले, १२ जणांनी ती पुरी केली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. तिथली अंतरे दीड किलोमीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर अशी असतात. नवख्यांसाठी त्याच्या निम्मी ठेवतात, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. गावच्या शर्यतीत याहूनही कमी चालते.

डिकला कोणी सुचवले की तू ट्रायथलॉन का करत नाहीस? त्याने सांगितले की करीन, पण रिकसकट. बोलून तर गेला, पण अडचण अशी की त्याला पोहता येत नव्हते आणि सहा वर्षांचा असल्यापासून तो सायकलवर बसला नव्हता. चाळिशी उलटलेला माणूस तळ्याकाठी राहायला गेला आणि पोहायला शिकला. रिकला रबरी होडीत निजवायचे, होडीची दोरी आपल्या अंगातल्या बंडीला बांधायची आणि होडी ओढत पोहायचे. सायकलला पुढच्या बाजूला रिकसाठी बैठक केली. धावण्यासाठी तीन चाकांची हलकी खुर्ची बनवून घेतली. १९८५ च्या जून महिन्यात, तिकडे ज्या रविवारी ‘पितृदिन’ पाळतात त्याच दिवशी, बापलेकांनी पहिली ट्रायथलॉन पुरी केली. आणि १९८९ मध्ये हवाई बेटावरची ती सर्वांत कठीण शर्यतही.

आपल्याकडे श्रावणबाळाची गोष्ट पोरासोरांना ठाऊक आहे. त्याने आंधळ्या आईबापांना कावडीत घालून तीर्थे घडवली. इथे कावड बापाच्या खांद्यावर आणि तीर्थयात्री लेक.

१९९२ मध्ये दोघांनी धावत आणि सायकलवरून अख्खी अमेरिका ओलांडली. ४५ दिवसांत सुमारे ६,००० किलोमीटर. एकूण शर्यतींची संख्या १,१०० च्या वर गेली. त्यात अडीचशेच्या वर ट्रायथलॉन. बॉस्टनची मॅरेथॉन त्यांनी ३२ वेळा केली. शेवटची २०१४ मध्ये, तेव्हा बाप ७३ वर्षांचा होता. जिथून ती मॅरेथॉन सुटते त्या हॉपकिंटन गावी २०१३ मध्ये या जोडीचा पुतळा उभा राहिला. एके काळी ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांचा पुतळा!

कोणी कोणाला ओढले?

२००३ मध्ये डिकला हृदयविकाराचा सौम्य झटका आला. तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बुजलेली निघाली. इतकी वर्षे अंग असे कमावलेले नसते तर तू केव्हाच गेला असतास, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले. म्हणजे बाप लेकाला ओढत होता हे खरे, पण लेकानेही बापाला ओढले. रिकने ‘मला शर्यतीत जायचे आहे’ असे लिहिले नसते, तर डिक एवढा धावलाच नसता.

रिक शिकतही राहिला. १९९३ मध्ये त्याने बॉस्टन विद्यापीठाची पदवी घेतली. विषय कोणता, तर अपंग मुलांचे शिक्षण. १७ मार्च २०२१ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी डिक गेला. २२ मे २०२३ रोजी रिकही गेला. तो ६१ वर्षांचा होता. ज्याला संस्थेत ठेवून विसरून जा म्हटले होते, तो साठी पार करून गेला.

आता आपल्या गावाचे

ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात, पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर, मोठ्या अंतराची ट्रायथलॉन झाली: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धावणे. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते आणि तिथे धावणारे सामाजिक संस्थांसाठी देणग्या जमवतात. तेव्हा मदतीसाठी धावणे आता आपल्याला परके राहिलेले नाही. आणि खरे पाहिले तर कधीच नव्हते. सप्त्याची वर्गणी, वारकऱ्यांचे अन्नदान, खळ्यावर आलेल्याला सुपाने घातलेले धान्य, ही आपलीच रीत. तिला घामाची जोड द्यायची इतकेच.

कोणी विचारील की पैसेच द्यायचे तर सरळ द्यावेत, धावायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. नुसती वर्गणी मागितली तर मोजकी घरे देतात आणि विसरतात. शर्यत असली की अख्खे गाव रस्त्याच्या कडेला उभे राहते आणि पैसे कशासाठी चालले आहेत ते पोराटोरांना कळते. हिशेब पाहा. एक पोरगी ५ किलोमीटर धावणार. वीस घरांनी किलोमीटरला १० रुपये कबूल केले, तर तिच्या एकटीच्या पायांनी १,००० रुपये उभे राहतात. अशी तीस पोरे निघाली तर ३०,००० रुपये. एका घराकडून इतके मागायची हिंमत कोणाची होईल?

तिन्ही गोष्टी एकाला जमल्याच पाहिजेत असेही नाही. तिघांची मिळून एक तुकडी करतात: एकाने पोहायचे, दुसऱ्याने सायकल मारायची, तिसऱ्याने धावायचे. गावाला ही रीत फार सोयीची. पोहणारा थोरला भाऊ, सायकलवर रोज शाळेला जाणारी धाकटी बहीण आणि पहाटे भरतीच्या तयारीला पळणारा चुलतभाऊ, अशी घरचीच तुकडी उभी राहते. आपल्याकडे मुलींना पोहायला क्वचितच शिकवतात. या निमित्ताने ते सुरू झाले तर तोही एक लाभच.

सायकल महागडी लागत नाही. ब्रेक चांगले हवेत, टायरला हवा हवी आणि डोक्याला हेल्मेट हवे. एक मात्र ध्यानात ठेवा. शेतात दिवसभर राबणारे अंग कणखर असते, पण राबण्याचा दम वेगळा आणि पळण्याचा दम वेगळा. दोन महिने आधीपासून थोडे थोडे वाढवत न्यावे. सायकलवरून उतरून लगेच पळू लागले की पाय लाकडासारखे होतात. ज्याला ते ठाऊक नाही तो घाबरतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सायकल झाल्याबरोबर थोडे पळण्याचा सराव करावा. चाळिशीच्या पुढच्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

पाण्याशी खेळ नको

सर्वांत मोठी जोखीम पाण्याची. ट्रायथलॉनमध्ये जगभर जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात. आपल्या पोरांना वाटते की आम्ही विहिरीत मुटके मारणारे, आम्हाला तळ्याचे काय? पण विहिरीत चार हात मारले की काठ लागतो, पायरी सापडते. तळ्याच्या मध्यावर दम लागला तर धरायला काही नसते. भोवती वीस जण हातपाय मारत असतात, कोणाची लाथ बसते, नाकातोंडात पाणी जाते आणि चांगला पोहणारासुद्धा बावरतो.

म्हणून शर्यत भरवणाऱ्यांनी काही गोष्टी पाळल्याच पाहिजेत. कालवा आणि वाहती नदी नको. सांगलीच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत हे तर सर्वांना माहीत आहे. धरणाचे अथांग पाणी नको. जवळ पोहण्याचा तलाव असेल तर उत्तम. नाहीतर गाळ आणि जलपर्णी नसलेले संथ, उथळ तळे पाहावे. दोन्ही बाजूंनी दोर बांधावा. पोहणाऱ्यांच्या डोक्यावर भडक रंगाच्या टोप्या असाव्यात. होडी, हवा भरलेल्या ट्यूबा आणि पट्टीचे पोहणारे पाण्यावर नजर ठेवून असावेत. त्यांनी शर्यतीत उतरू नये. सर्वांना एकदम सोडू नये, दहा-दहा जण सोडावेत. आणि किती जण पाण्यात गेले, किती बाहेर आले, हे एका जबाबदार माणसाने वही घेऊन मोजावे. आकडा जुळेपर्यंत त्याने जागा सोडू नये. पाण्याची नीट सोय होत नसेल तर पोहणे गाळा आणि सायकल व धावणे एवढेच ठेवा. मदत तितकीच होईल.

शर्यत सकाळी लवकर ठेवावी, ऊन चढायच्या आत संपवावी. रस्त्यासाठी पोलिसांची परवानगी, प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी खबर, एक गाडी तयार, आणि ठिकठिकाणी पाणी व लिंबू-मीठ-साखरेचे सरबत इतके तरी हवे.

पैशाचे सांगायला हवे. मदत कोणाला आणि कशासाठी हे आधीच जाहीर करावे. पैसे बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावेत, दोघांच्या सहीने काढावेत. शर्यतीनंतर आठ दिवसांत जमा-खर्च लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. एकदा हिशेबाबद्दल कुजबुज झाली, की पुढच्या वर्षी कोणी दमडी देत नाही.

मागच्या खोलीतले पोर

आता ज्यासाठी ही हकीकत सांगितली ते बोलतो.

आपल्या गावांतही रिकसारखी मुले आहेत. कोणी पडवीच्या कोपऱ्यात, कोणी मागच्या खोलीत. पाहुणे आले की त्यांना आत नेतात. लग्नकार्याला नेत नाहीत. यात आईबापांची माया कमी असते असे मुळीच नाही. ती माउली रात्ररात्र जागते. पण लोक काय म्हणतील, थोरलीचे लग्न अडेल का, पूर्वजन्मीचे पाप म्हणून बोटे मोडतील का, ही भीती असते. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला किंवा नवजात बाळाला फार कडक कावीळ झाली, अशी त्यामागची कारणे असतात. त्यात पापही नाही आणि आईचा दोषही नाही.

बाळ चार-पाच महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, अंग ताठ किंवा अगदी लुळे पडत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नये. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारावे. लवकर व्यायाम व उपचार सुरू झाले तर मूल पुष्कळ सुधारते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वे मानतो. त्यात सेरेब्रल पाल्सी आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. म्हणून प्रमाणपत्र जरूर काढून घ्यावे. ते काढणे म्हणजे पोराला डाग लावणे नव्हे.

आणि गावाने काय करावे? मदतीची शर्यत भरवाल तेव्हा अशा मुलासाठी पैसे जमवा, त्याला चाकांची खुर्ची घेऊन द्या, हे तर चांगलेच. पण त्याला हार घालून व्यासपीठावर बसवू नका. त्याला शर्यतीत घ्या. पाण्यात मुळीच नेऊ नका. ते धाडस डिकनेही पुष्कळ तयारीनंतर केले. शेवटचा अर्धा किलोमीटर पुरे. खुर्ची चांगली, पट्टा बांधलेला, रस्ता सपाट, ढकलायला दोन खंबीर पोरे आणि बरोबर आई किंवा बाप. आधी त्याला विचारा मात्र. तो बोलत नसेल तर त्याच्या डोळ्यांना विचारा. त्याच्या आईला ते डोळे वाचता येतात. आणि त्याच्याही नावावर किलोमीटरचे आकडे घाला. ते पैसे दुसऱ्या कोणा गरजूला जाऊ द्या. नेहमी घेणाऱ्याच्या रांगेत उभे केलेल्या पोराला एकदा देणाऱ्यांच्या रांगेत उभे करा. १९७७ मध्ये रिकने हेच मागितले होते.

त्या पहिल्या शर्यतीत हॉईट बापलेकांचा नंबर शेवटून दुसरा आला होता. पहिला कोण आला होता, हे आज कोणी विचारत नाही.

तुमच्या गावची शर्यत निघेल त्या दिवशी वेशीपाशी उभे राहून टाळ्या वाजवा. पहिल्यासाठी वाजवाच, पण शेवटचे येईपर्यंत घरी जाऊ नका. शेवटी येणाऱ्यांत कदाचित एक खुर्ची असेल आणि खुर्चीत एक पोर असेल. आजवर त्याने गावचा हा रस्ता खिडकीतूनच पाहिला असेल.